बाईनं न खणलेलं भुयार

कोल्ड क्रीक, कोलोरॅडो
११ मे १८८४

झॅकी,

'प्रिय' असं लिहिलं होतं, ते खोडलं. वर दिसतोय तो डाग त्याचाच आहे.

अकरा आठवड्यांनी तुझं पत्र आलं. साडेतीन ओळी. आयडाहोत सोनं आहे, चिखल आहे, जाड मोजे पाठव, आणि भुयाराचं वर्षाचं काम कोणाकडून तरी करून घे. लव्हडेचं नाव नाही. स्वतःच्या पोटच्या पोरीचं! तिला गोवर येऊन गेला, तीन दिवस तिचे डोळे उघडत नव्हते. नऊ वर्षांची पोर रोज पोस्टाच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. मी तिला सांगितलं, बाबानं तुला पापा पाठवलाय. तुझ्या वाटचं खोटं मी बोलले, एवढं ध्यानात ठेव.

"कोणाकडून तरी." कोणाकडून रे? इथे पुरुष उरलेत कुठे? निम्मे तुझ्यामागे आयडाहोला पळाले, उरलेले कंपनीच्या खाणीत दहा-दहा तास राबतात. कायदा तूच मला शंभर वेळा ऐकवलास. सरकारी डोंगरावर चार खुंट्या ठोकल्या की जागा आपली, पण दर वर्षी तिथे ठरलेलं काम झालं पाहिजे. वर्ष कोरडं गेलं तर नव्या वर्षाच्या सकाळी कोणीही यावं आणि आपल्या खुंट्या उपटून स्वतःच्या ठोकाव्यात. आणि आपलं घर त्याच चार खुंट्यांच्या आत आहे, हे विसरलास वाटतं. भुयार गेलं की चूल गेली, छप्पर गेलं. तू तंबूत झोपशील. मी आणि लव्हडेनं कुठे जायचं?

चार खाणकामगार माझ्याकडे जेवतात, त्यांच्या डब्यासाठी मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या भाजते, त्यावर चाललंय. मोजे विणायला वेळ नाही. तिथल्या एखादीला सांग.

जाताना दारात उभं राहून तू काय बजावलंस, आठवतं? "थर्झा, काहीही होऊ दे, भुयारात पाऊल टाकायचं नाही. बाई आत गेली की खाण बसते." पैशांचं बोलला नाहीस, परत कधी येणार ते बोलला नाहीस. हे तेवढं बोललास.

थर्झा


२९ जून

झॅकी,

मोजे मिळाल्याचं कळलं. होय, विणले शेवटी. माझीच जित्याची खोड.

आता माणूस शोधण्याचं ऐक. मी नऊ जणांना विचारलं. नऊही जणांनी मान हलवली. शेवटी डिगरीकाकांकडे गेले. तुझ्याच गावचा माणूस, तिकडे इंग्लंडात कॉर्नवॉलच्या खाणीत जन्म काढलेला. म्हातारा शेगडीपाशी खोकत बसला होता. मी म्हटलं, "काका, तुम्ही नुसते भुयाराच्या तोंडाशी बसा आणि कुठे मारायचं ते सांगा. हात माझे."

"पोरी, चाळीस वर्षं जमिनीखाली काढली मी. कामाला जाताना वाटेत बाई आडवी आली तर डबा घेऊन घरी परत यायचो आम्ही. आणि तू आत जायचं म्हणतेस?"

"मग तुम्ही जा."

"मला दारापर्यंत चाललं तरी दम लागतो."

"म्हणजे पुरुषाला जाता येत नाही आणि बाईनं जायचं नाही. भुयार काय आपण होऊन खणलं जाणार आहे?"

"बुटके खणतील," म्हणाला, आणि हसता हसता एवढा खोकला की मलाच पाणी द्यावं लागलं. खडकात ठोके देणारे ते तुमचे बुटके! त्यांच्यासाठी पेस्टीची कड ठेवायची, त्यांना राग येईल म्हणून आत शीळ घालायची नाही. त्यांचे एवढे लाड. बायकोला मात्र साडेतीन ओळी.

झॅकी, मी बाराव्या वर्षी खाणीच्या तोंडाशी दगड फोडायला बसले. तू मला पहिल्यांदा पाहिलंस ते तिथेच, डोक्याला पांढरं फडकं, हातात हातोडा. तुझ्या आईनं तेच केलं, माझ्या आईनंही. बाहेर उन्हापावसात बसून बाईनं दगड फोडला तर चालतो. तोच दगड दहा पावलं आत जाऊन फोडला की म्हणे डोंगर कोसळतो. दगडाला कसं रे कळतं?

हे सगळं मी हनोरा स्कॅनलनला बोलून दाखवत होते. ती आयरिश धोबीण, ओढ्यापलीकडची. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या खाणीत गेला ते तुला माहीत आहे. ती कपडे पिळत होती, पिळता पिळता थांबली. "थर्झा, त्या दिवशी त्या खाणीत एक तरी बाई होती का गं?"

"नव्हती."

"मग तो दगड माझ्या पॅडीच्या डोक्यावर कोणाच्या अपशकुनानं पडला?"

तिनं हात पुसले आणि विचारलं, "तुझ्याकडे घण किती आहेत?"

गेल्या सोमवारपासून आम्ही दोघी आत जातो. लिहिलं एकदाचं. आता काय ओरडायचं ते ओरड.

थर्झा


१७ ऑगस्ट

झॅकी,

तू ओरडलाही नाहीस. म्हणजे तुला पत्रच मिळालं नाही, नाहीतर तू उघडलं नाहीस. तरी लिहिते, कारण आज मला कोणाला तरी सांगायचंच आहे आणि दुर्दैवानं नवरा तूच आहेस.

सकाळी आम्ही पेस्ट्या भाजून, हनोराचे कपडे वाळत घालून वर जातो. ती पहार धरते आणि प्रत्येक ठोक्याला ती थोडी फिरवते, मी घण घालते. पहिल्या आठवड्यात दोनदा तिच्या मनगटावर बसला. ती एवढ्या शिव्या देते की बुटके असतील तर ते केव्हाच गाव सोडून गेले. भोक पुरेसं खोल झालं की दारू ठासायची, वात लावायची, बाहेर पळायचं. पहिला सुरुंग उडाला तेव्हा आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो, आणि मग आत जाऊन पाहिलं तर टोपलीभर दगड सुटला होता. टोपलीभर! डिगरीकाका बाहेरून ओरडले, "दारू कमी आणि गडबड जास्त!"

होय, ते येतात. कोणाच्या तरी गाढवावर बसून वर येतात. भुयाराच्या तोंडाशी आमच्याकडे पाठ करून बसतात आणि आवाजावरून सांगतात, डावीकडे मार, भोक वाकडं जातंय, थांब, वरचा दगड पोकळ वाजतोय. तोंड कधी वळवत नाहीत. मी एकदा म्हटलं, "काका, वळून बघा तरी काय केलंय." तर म्हणाले, "बघणार नाही. बाई आत असलेली मी आयुष्यात पाहिली नाही आणि मरेपर्यंत पाहणार नाही." मी त्यांना पेस्टी देते. ती मात्र वळून घेतात.

बाकीचे एवढे भले नाहीत. आम्ही घण खांद्यावर टाकून निघालो की समोरचे पुरुष रस्ता बदलतात. माझ्याकडे जेवणारे चौघे एकाच दिवशी उठून गेले. त्यांच्यातला एक, ज्याच्या तापात मी रात्र रात्र पट्ट्या बदलल्या होत्या, तो काय म्हणाला माहीत आहे? "मिसेस ट्रेगियर, तुमच्याबद्दल मनात काही नाही. पण खाणीत जाऊन आलेल्या बाईच्या हातची पेस्टी घेऊन आम्ही आत उतरायचं कसं?" तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हटलं, "आईच्या पोटातून आलास तेव्हा अंधार नव्हता का रे?" तो डबा न घेताच गेला. त्याच्या आठवड्याचा डबा मी लव्हडेला आणि हनोराला खाऊ घातला.

आणि आता जे सांगायचंय ते. काल खडकातला तो करडा पट्टा, जो तू बोटभर सोडून गेलास, तो वीतभर रुंद झाला. चांदीचा आहे. मी बारा वर्षांची असल्यापासून दगड निवडते, मला कोणी सांगायला नको. मी त्यातला एक दगड उन्हात नेऊन फोडला आणि खरं सांगते, रडले. मला वाटलं तू इथे असतास तर मला उचलून गोल फिरवलं असतंस. त्या वेळेपुरता राग विसरले होते. आता पुन्हा आठवलाय.

थर्झा


१२ ऑक्टोबर

झॅकरी ट्रेगियर,

पत्र मिळालं. या वेळी तीन पानं. म्हणजे तुझ्या तोंडाला कुलूप नव्हतं, लिहायला कारण नव्हतं.

म्हणजे माझी सगळी पत्रं तुला पोचली होती. गोवरावर बोलला नाहीस. भूक लागते का, विचारलं नाहीस. पट्टा वीतभर झाला हे वाचलंस आणि लगेच गिऱ्हाईक गाठलंस. कॉर्नवॉलचा खाणीवरचा कॅप्टन पोलग्लेझ, त्याच्या कंपनीतर्फे भुयार विकत घेतो म्हणे, खुंट्यांच्या आतल्या सगळ्यासकट. सगळ्यासकट म्हणजे या घरासकट. "वसंतात घर रिकामं करून दे." कोणाला लिहितोयस हे? भाडेकरणीला? रिकामं करून आम्ही कुठे जायचं, ते तीन पानांत कुठेच नाही.

आणि मग खरं रडगाणं. मी तुझं नाक कापलं. आयडाहोत पोरं तुला विचारतात, "काय झॅकी, बायको बिळात गेली का?" कॅप्टन पोलग्लेझनं कुठून तरी ऐकलं आणि तो बिथरला, कारण बाई जाऊन आलेल्या भुयारात त्याचा एकही कॉर्निश माणूस उतरणार नाही. म्हणून मी आता गावभर सांगायचं की मी आत गेलेच नाही, काम डिगरीकाकांच्या पुतण्यानं केलं.

तो पुतण्या दोन वर्षं लेडव्हिलला आहे, मूर्खा. ते शेंबड्या पोराला ठाऊक आहे इथे.

मी हे पत्र लिहिताना पेन धरू शकत नाही नीट. उजव्या हाताचं मधलं बोट वळत नाही. हनोराच्या डोळ्यात कपची गेली होती, नशीब डोळा राहिला. दोन महिने आम्ही वाळलेल्या सफरचंदांवर आणि डिगरीकाकांनी पाठवलेल्या सशांवर काढले, कारण जेवणारे गेले होते. ते का गेले? तुझं भुयार राखलं म्हणून. तुझं! मी एकदाही माझं म्हटलं नव्हतं. आणि तू म्हणतोस, सांग की तू काहीच केलं नाहीस.

नाही सांगणार. हजार वेळा नाही. विचारेल त्याला सांगेन, मी खणलं. न विचारणाऱ्यालाही सांगेन. वर्षाचं काम संपलंय, ठरलेल्यापेक्षा जास्तच झालंय, आणि तारीख आली की सरकारी कचेरीत जाऊन मी माझ्या नावानिशी शपथेवर लिहून देणार होते की हे काम मी केलं, जागा माझ्या नवऱ्याची राहू द्या. ते करू की नको, आता विचार करते.

थर्झा


३० नोव्हेंबर

झॅकी,

बर्फ गुडघ्याएवढं आहे. लव्हडे बरी आहे. तू बरा असशील.

तुझा कागद कचेरीत आला. नोंदी ठेवणाऱ्या मिस्टर ऍपलगेटनं तो फळीवर लावला, कारण तू तसं लिहिलं होतंस, सगळ्यांनी वाचावा म्हणून. दुसरी प्रत कॅप्टन पोलग्लेझला गेली असेलच. चर्च सुटल्यावर अर्धं गाव तिथे जमलं. डिगरीकाकांनी मोठ्यानं वाचून दाखवला. "मी, झॅकरी ट्रेगियर, देवाला स्मरून शपथेवर सांगतो की माझ्या भुयारात आजवर कोणतीही बाई गेलेली नाही, कोणत्याही बाईनं तिथे कसलंही काम केलेलं नाही, आणि जो तसं म्हणेल तो खोटारडा." खाली तुझी सही, साक्षीदार दोन, शिक्का एक. सुरेख अक्षर आहे, कोणा कारकुनाकडून लिहून घेतलंस का?

लोक हसले. हनोरा तिथल्या तिथे फळी उखडायला निघाली होती. मी तिला धरलं.

ऑक्टोबरात मी फार बोलले. रागात होते. बायकोनं नवऱ्याला असं बोलू नये. तू बायबलवर हात ठेवून सांगितलंस, आता तुला खोटं म्हणणारी मी कोण? तू म्हणतोस बाई आत गेली नाही, तर गेली नाही. मी आता कोणाला काही सांगत नाही. कोणी विचारलं तर त्या फळीकडे बोट दाखवते.

वर्षअखेरीस कचेरीतही जाणार नाही. मी कशाला शपथ घेऊ? तुझी आहे की.

मोज्यांचा आणखी एक जोड पाठवते आहे. थंडीत पाय जप.

तुझी,
थर्झा


२ जानेवारी १८८५

झॅकी,

आता मोजे काढ आणि बस. बसून वाच.

काल नव्या वर्षाच्या सकाळी उजाडता उजाडता मी आणि हनोरा पहार आणि फावडं घेऊन बाहेर पडलो. तुझ्या चारही खुंट्या बर्फाखाली होत्या. एकेक खणून काढली. जमीन इतकी कडक की दुपार झाली. चार नव्या ठोकल्या. तुझ्या खुंट्या फोडून चुलीत घातल्या, चांगल्या जळल्या.

मग मी चांगला झगा घातला, टोपी घातली आणि कचेरीमागेच मिस्टर ऍपलगेट राहतात, तिथे गेले. सुट्टी होती तरी त्यांना उठवून कचेरीत नेलं. म्हटलं, जागा नोंदवायची आहे.

ते म्हणाले, "बाई, ही तर तुमच्या नवऱ्याची जागा."

"होती. गेल्या वर्षाचं काम झालं नाही, म्हणून मोकळी झाली."

"झालं नाही? उन्हाळाभर मी स्वतः तुम्हाला घण घेऊन वर जाताना पाहिलंय!"

"वर जाताना पाहिलंत. भुयारात पाहिलंत?"

"तुम्ही दोघी आत असताना तिकडे कोण फिरकणार होतं?"

"मग दुसऱ्या कोणी काम केलं का?"

"दुसरं कोण करणार? सगळे तर..." आणि मग थांबले. चष्मा लावून फळीपाशी गेले, तुझा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. पुन्हा वाचला. पुरुषानं काम केलं असं त्यात कुठेच नाही. बाईनं केलं नाही हे मात्र शपथेवर आहे. म्हातारा खुर्चीत बसला आणि इतका हसला की बायको आतून विचारायला आली, काय झालं.

"मिसेस ट्रेगियर, हा कागद त्यांनी तुमच्या सांगण्यावरून लिहिला का?"

"नाही हो. ते माझं कधी ऐकत नाहीत."

नोंद झाली. थर्झा ट्रेगियर, स्वतःच्या नावानं. त्यातला तिसरा वाटा हनोराचा, तोही लिहिला. कॅप्टन पोलग्लेझला कळव की तू विकतोयस ती जागा आता तुझी नाही. घर रिकामं होणार नाही.

नोव्हेंबरचं गोड पत्र तुला खरं वाटलं ना? मला वाटलंच होतं. दहा वर्षांत तू माझा आवाज ओळखायला शिकला नाहीस.

थर्झा


२१ मार्च

झॅकी,

तुझ्या वकिलाचं पत्र मिळालं. चौदा एप्रिलला काउंटीच्या कोर्टात यायचं, येते.

त्यात लिहिलंय की माझी नोंद खोटी, कारण चौऱ्याऐंशी साली काम झालं होतं, ते मी आणि हनोरा स्कॅनलननं केलं, बायकोचं काम म्हणजे नवऱ्याचंच काम, सबब जागा नवऱ्याची. वाचून मला हसावं की वकिलाचं डोकं फोडावं कळेना. ऑक्टोबरात मी काही केलं नव्हतं. आता भरपूर केलंय!

मी इथल्या एका वकिलाला विचारलं. तो फार बोलत नाही, पण एवढं म्हणाला: आत कोणी पाहिलेलं नाही. गावातलं कोणी शपथेवर सांगू शकत नाही. डिगरीकाकांना विचारलं तर ते म्हणतात, मी पाठ करून बसलो होतो, मी काही पाहिलं नाही, आणि ते खरंच आहे. म्हणजे सगळं तुझ्या तोंडावर आहे. तुझ्या जुन्या शपथेमुळे तुझी पंचाईत होईल खरी, पण रागाच्या भरात लिहिली असं म्हणालास तर निभावेल. तू कोर्टात उभं राहून स्पष्ट सांगायचं की बायकोनं माझ्या भुयारात घण चालवला, ती चार महिने रोज आत जात होती. न्यायाधीश ते मानतील. मग जागा तुझी आणि मी रस्त्यावर.

तर ये आणि सांग. कॅप्टन पोलग्लेझ येणार आहे, आयडाहोचे तुझे सोबती येणार आहेत, कोल्ड क्रीकची सगळी कॉर्निश मंडळी बाकांवर असणार आहेत. त्यांच्या देखत सांग.

हनोरा म्हणते, तो सांगेल, चांदीसाठी माणूस काहीही सांगतो. मी काय म्हणते ते तुला लिहीत नाही.

थर्झा


१६ एप्रिल

झॅकी,

हे मी तुला तोंडावर सांगणार होते, पण तू मागच्या दारानं गेलास. लव्हडे तुझ्यामागे धावली. तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "मोठी झालीस." ती येऊन मला विचारते, बाबा परत कधी येईल? काय सांगू? या वेळी तुझ्या वाटचं खोटं बोलले नाही. म्हटलं, येणार नाही.

परवा तू साक्षीला उभा राहिलास तेव्हा मी पहिल्या बाकावर होते. तू बारीक झालायस. कोटाच्या खिशातून माझ्या ऑगस्टच्या पत्राची घडी बाहेर आली होती. माझा कागद मी कुठेही ओळखेन. पट्टा वीतभर झाला, मी घण घालते, हनोरा पहार धरते, सगळं त्यात माझ्या हातचं आहे. खिशातून काढून टेबलावर ठेवलं असतंस तर खटला तिथेच संपला असता. तुझ्या वकिलाला तरी दाखवलं होतंस का?

न्यायाधीशांनी विचारलं, "मिस्टर ट्रेगियर, तुमच्या पत्नीनं त्या भुयारात काम केलं होतं का? हो की नाही?"

तू तोंड उघडलंस. आणि झॅकी, खरं लिहिते, त्या क्षणी मला वाटलं, सांग. सांगून टाक. भुयार जाऊ दे, घर जाऊ दे, लव्हडेला घेऊन मी हनोराच्या झोपडीत राहीन, पण हे एवढं बोल. सगळ्यांच्या देखत म्हण की थर्झानं केलं. हनोरानं माझा हात इतका दाबला की अजून दुखतोय.

तू त्या बाकांकडे पाहिलंस. कॅप्टन पोलग्लेझ टोपी मांडीवर घेऊन बसला होता. मागून कोणीतरी खाकरलं, कोणीतरी हसलं. तुझे कान लाल झाले.

"नाही," म्हणालास. "माझी बायको माझ्या भुयारात कधी गेली नाही."

तुझा वकील खालीच बसला. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं, तू पुन्हा तेच सांगितलंस, आणखी मोठ्यानं. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मिसेस ट्रेगियर, यावर तुम्हाला काही सांगायचंय?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. डिगरीकाकाही, आणि ते तर कधी वळत नाहीत. माझ्या जिभेवर होतं सगळं. हे बोट वळत नाही ते दाखवायचं होतं. पहिला सुरुंग, टोपलीभर दगड, उपाशी काढलेले दिवस, सगळं सांगायचं होतं. ओरडायचं होतं की हा माणूस खोटं बोलतोय, ते भुयार मी खणलंय. आणि मी तसं म्हटलं असतं की जागा तुझी झाली असती.

मी म्हटलं, "नाही, साहेब."

निकाल माझ्या बाजूनं लागला. हनोरा रस्त्यात नाचली. पोलग्लेझ म्हणे माझ्याशी बोलायला येणार आहे, कारण ज्या भुयारात बाई कधी गेली नाही असं कोर्टानंच ठरवलं त्यात त्याच्या माणसांना उतरायला आता हरकत नाही. येऊ दे, त्याला काय भाव सांगायचा ते आम्ही दोघी ठरवू. घर आहे, छप्पर आहे, लव्हडेला बूट घेतले. मी खूश असायला हवं.

पण काल सकाळी वर गेले आणि आत पाऊल टाकता येईना, झॅकी. कोणी पाहील म्हणून. माझ्याच भुयारात! तू मला सोडून गेलास, पोरीला विसरलास, घर विकायला काढलंस, त्या सगळ्याचा राग कधी तरी निवेल, माणूस किती दिवस चिडणार. पण तू माझ्याच तोंडून ते खोटं वदवलंस, देवासमोर, गावासमोर, आणि माझं भलं त्यातच आहे अशी वेळ आणलीस. हे मी तुला मरेपर्यंत माफ करणार नाही.

ऑगस्टचं पत्र जाळलं असशील तर हे ठेव. आणि वाटलं तर उद्याच न्यायाधीशांकडे घेऊन जा, मी नाकारणार नाही, अक्षर माझं आहे.

सन अठराशे चौऱ्याऐंशी, जून ते ऑक्टोबर, ते भुयार मी खणलं.

थर्झा ट्रेगियर